इंटरव्ह्यू चुकला म्हणून ग्रीन कार्ड जात नाही, तो फॉरवर्ड पुढे पाठवणं थांबवा

"सर्व मराठी बंधू-भगिनींना कळकळीची विनंती" असं सुरू होणारा एक मेसेज गेले काही दिवस अमेरिकेतल्या आपल्या लोकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर फिरतोय. मला तो तीन ग्रुपांवर आला, तिन्ही वेळा मी सोडून दिला. चौथ्यांदा तो माझ्या आत्याने पाठवला आणि खाली लिहिलं होतं, "सोने, हे खरं आहे का गं? मी कार्ड पाकिटात घालून ठेवलंय."

कार्ड म्हणजे ग्रीन कार्ड. तिने ते खरंच एका पिवळ्या पाकिटात घालून, वर रबर बँड लावून, देव्हाऱ्याखालच्या ड्रॉवरमध्ये ठेवलं होतं. परत पाठवायला. सोळा वर्षं न्यू जर्सीत राहिलेली, दोन नातवंडं वाढवलेली बाई, एका फॉरवर्डवर विश्वास ठेवून कार्ड परत करायला निघाली होती. म्हणून हे लिहितेय. मी वकील नाही, पण गेले दहा दिवस मी नियम आणि आत्याला आलेलं पत्र ओळ न् ओळ वाचलंय, आणि ज्याने कोणी हा मेसेज लिहिला त्याने ते वाचलेलं नाही एवढं मी खात्रीने सांगते.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: नागरिकत्वाच्या इंटरव्ह्यूची तारीख चुकली आणि अर्ज नामंजूर झाला की १) पाच वर्षं परत अर्ज करता येत नाही, २) ग्रीन कार्ड आपोआप रद्द होतं, ३० दिवसांत देश सोडावा लागतो, त्यापेक्षा आधीच आपणहून परत करा, ३) आलेल्या पत्राला उत्तर देऊ नका, दिलं तर फाइल इमिग्रेशन कोर्टात जाते, ४) उत्तर द्यायचंच असेल तर इंडियातून मागच्या तारखेचं मेडिकल सर्टिफिकेट आणा, "सगळे करतात", ५) अपील म्हणजे पैसे पाण्यात, सरळ नवा फॉर्म भरा. शेवटी एक ओळ, की पत्ता बदलला तर लगेच कळवा. ती शेवटची ओळ तेवढी बरोबर आहे.

आत्याचं काय झालं ते आधी सांगते, म्हणजे पुढचं कळेल. तिने २०२५ च्या ऑगस्टमध्ये एन-४०० म्हणजे नागरिकत्वाचा अर्ज कागदावर भरला. पहिल्या इंटरव्ह्यूला ती गेली, मराठी दुभाषी घेऊन गेली, कारण वय ५५ च्या पुढे आणि ग्रीन कार्डवर १५ वर्षं झाली असतील तर इंग्रजीची परीक्षा माफ असते, सिव्हिक्स म्हणजे अमेरिकेचा इतिहास आणि सरकार यांवरची परीक्षा आपल्या भाषेत देता येते. तिच्या परीक्षेत दहापैकी सहा बरोबर लागत होते, तिचे पाच आले. सिनेटर किती वर्षांसाठी निवडतात याला ती चार म्हणाली, सहा म्हणायला हवं होतं. असं झालं की ६० ते ९० दिवसांत परत एक संधी मिळते, नापास झालेल्या भागापुरती. मधल्या काळात सांगलीला तिच्या धाकट्या बहिणीचं ऑपरेशन निघालं, ती तिकडे गेली, इकडे माझ्या आतेभावाने घर बदललं आणि पोस्टात पत्ता बदलून आला. फक्त पोस्टात. त्याला वाटलं झालं काम. दुसऱ्या तारखेचं पत्र कोणाच्याच हाती लागलं नाही, आणि आत्या परत आली तेव्हा जुन्या शेजारणीने जे पत्र आणून दिलं ते अर्ज नामंजूर झाल्याचं होतं. चूक घरच्यांची होती, ते आम्ही मान्य केलंय.

आता तिसरा मुद्दा आधी घेते, कारण सगळ्यात जास्त नुकसान तो करतो. "पत्राला उत्तर देऊ नका." अरे, या सगळ्या प्रकरणात तुमच्या हातात असते ती एकच गोष्ट, दिवस. आणि हा मेसेज तेच दिवस घालवायला सांगतोय!

कोड ऑफ फेडरल रेग्युलेशन्स नावाचे जे सरकारी नियम आहेत त्यातल्या टायटल ८ मधलं कलम ३३५.६ वाचा, सरकारच्या साइटवर फुकट आहे, अर्ध्या पानाचंसुद्धा नाही. त्यात म्हटलंय की पहिल्या इंटरव्ह्यूला तुम्ही गेला नाहीत आणि ठरलेल्या तारखेपासून ३० दिवसांत कारण लेखी कळवून नवीन तारीख मागितली नाहीत, तर तुम्ही अर्ज सोडून दिला असं धरलं जातं आणि यूएससीआयएस, म्हणजे नागरिकत्व आणि इमिग्रेशनचे अर्ज बघणारं सरकारी खातं, तो अर्ज गुणदोषांवर निर्णय न देता नुसता बंद करू शकतं. म्हणजे ३० दिवसांच्या आत एक साधं पत्र गेलं तर मुळात बंद व्हायची वेळच येऊ नये. आणि बंद झाला तरी पुढे एक वर्षाच्या आत लेखी विनंती केली की तो परत उघडता येतो, त्याला वेगळी फी नाही. फक्त एक लक्षात ठेवायचं, पात्रता मोजताना अर्जाची तारीख ही त्या विनंतीची तारीख धरतात. वर्ष उलटलं आणि तुम्ही गप्प बसलात तर मात्र अर्ज निकालात निघतो, पुढे कसलीही नोटीस न येता. गप्प बसायचा सल्ला देणाऱ्याने हे वाचलं असतं तर त्याचा हात थांबला असता.

म्हणून पत्र आलं की रडारड नंतर, आधी पत्रातला शब्द बघा. अर्ज "बंद" केलाय की "नामंजूर" केलाय? दोन्ही वेगळं आहे आणि दोघांचे रस्ते वेगळे आहेत. माझ्या आतेभावाने फोनवर नुसतं "डिनाय झालं" सांगितलं होतं, मी त्याला म्हटलं सगळ्या पानांचे फोटो पाठव, तेव्हा कुठे कळलं की हिचं खरंच नामंजूरच आहे, कारण पहिला इंटरव्ह्यू होऊन गेला होता आणि दुसरा चुकला होता. अशा वेळी ते परीक्षेची अट पूर्ण झाली नाही असं धरून निर्णय देतात. त्याला उत्तर म्हणजे एन-३३६, सुनावणीची मागणी, मेसेजमध्ये ज्याला अपील म्हटलंय तेच. मुदत निर्णय मिळाल्यापासून ३० दिवस, पत्र पोस्टाने पाठवलं असेल तर पाठवल्याच्या तारखेपासून ३३ धरतात. आत्याच्या हातात पत्र आलं तेव्हा त्यातले अकरा दिवस गेलेच होते, आणि मग पुढचे पाच दिवस तिने हा फॉरवर्ड वाचून काहीच केलं नाही. पाच दिवस! कोणाच्या तरी "शेअर करा" मुळे.

सुनावणीत काय होतं तेही सांगते, कारण लोक कोर्ट म्हटलं की घाबरतात आणि हे कोर्ट नाहीच. तेच खातं, पण अधिकारी दुसरा, पहिल्याच्या बरोबरीचा किंवा वरच्या दर्जाचा, आणि तारीख मागणी केल्यापासून १८० दिवसांत लावायची असा नियम आहे. नापास झालेला भाग तिथे परत एकदा देता येतो, एकदाच. तिथेही नाही म्हणाले तर १२० दिवसांत फेडरल डिस्ट्रिक्ट कोर्टात जाता येतं आणि तिथला जज सगळं प्रकरण नव्याने बघतो. कोर्टात गेलात तर ते तुम्ही स्वतः, तुमच्या बाजूने जाता. उत्तर दिलं म्हणून कोणी फाइल इमिग्रेशन कोर्टात ढकलत नाही. हां, फाइलमध्ये जुना गुन्हा असेल, किंवा ग्रीन कार्डच खोटं सांगून मिळवलेलं असेल, तर धोका आहे आणि तो खरा आहे, अशा माणसाने एक कागदसुद्धा पाठवायच्या आधी इमिग्रेशनच्या वकिलाला गाठावं. पण तो धोका त्या जुन्या भानगडीचा असतो, चुकलेल्या तारखेचा नाही, पत्राला उत्तर दिल्याचा तर नाहीच नाही.

चौथा मुद्दा, खोटं सर्टिफिकेट. हे वाचून माझं डोकंच फिरलं. आत्याकडे खरं कारण होतं, खरे कागद होते: बहिणीचं हॉस्पिटलचं डिस्चार्ज कार्ड, जाण्यायेण्याचे बोर्डिंग पास, पासपोर्टवरचे शिक्के, नव्या घराचा भाडेकरार. आणि ग्रुपवरचा एक शहाणा तिला सांगतो की तुम्हीच आजारी होतात असं लिहून आणा. सुनावणीत शपथेवर बोलायचं असतं. शपथेवर खोटं बोललं की "चांगली वर्तणूक" ही नागरिकत्वाची अटच मोडते, आणि खोट्या कागदावर नागरिकत्व मिळवणं किंवा मिळवायचा प्रयत्न करणं हा फेडरल गुन्हा आहे, दहा वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. समजा पकडलं नाही आणि नागरिकत्व मिळालं, तरी ते नंतर काढून घेता येतं. म्हणजे जिच्या पदरात नुसती एक चुकलेली तारीख होती तिला तुम्ही गुन्हेगार करताय. "सगळे करतात" म्हणे. ज्यांनी केलंय त्यांनी निदान दुसऱ्याच्या म्हाताऱ्या माणसांना तरी यात ओढू नये.

दुसरा मुद्दा, ग्रीन कार्ड. एन-४०० नामंजूर झाला म्हणजे तुम्ही आज नागरिक होत नाही, एवढंच. काल होतात तेच आजही आहात, पर्मनंट रेसिडेंट. तो दर्जा जातो तो इमिग्रेशन जजच्या प्रक्रियेतून काढून टाकण्याचा अंतिम आदेश झाला तर, किंवा तुम्ही स्वतः आय-४०७ नावाचा फॉर्म भरून सोडून दिला तर. आणि मेसेजमधली "आपणहून परत करा" ही ओळ म्हणजे नेमका हा आय-४०७! जे सरकारने मागितलंच नाही ते स्वतःच्या हाताने देऊन टाकायचं. तीस दिवसांत देश सोडा हे कुठून आलं तर बहुतेक पत्रातल्या त्या "३० दिवस" वरून, जी अपीलची मुदत आहे. कार्ड पाकिटात कशाला, उलट १८ वर्षांवरच्या माणसाने ते सतत जवळ बाळगायचं असाच कायदा आहे. ज्यांचं कार्ड संपलंय आणि एन-४०० च्या पावतीवर २४ महिने वाढवून मिळालेत असे लोक, तुम्ही मात्र नामंजुरीनंतर पावतीच्या भरवशावर राहू नका, आय-९० भरून कार्ड रिन्यू करा.

पाच वर्षांची बंदी? अशी बंदी नाही. अर्जाआधी पाच वर्षं, नागरिकाशी लग्न झालं असेल तर तीन, इथला सलग वास्तव्याचा हिशोब बघतात, त्या पाचाचं मेसेजवाल्याने बंदीत रूपांतर केलंय. तारीख चुकल्यामुळे नामंजूर झालेला माणूस पात्र असेल तर उद्यासुद्धा नवा अर्ज करू शकतो.

आणि इथे मला पाचव्या मुद्द्यातलं अर्धं खरं मान्य करावं लागतंय, नको वाटत असलं तरी. एन-३३६ ची फी कागदावर ८३० डॉलर, ऑनलाइन ७८०. नवीन एन-४०० ची कागदावर ७६०, ऑनलाइन ७१०, आणि उत्पन्न कमी असेल तर ३८०. म्हणजे नवा अर्ज स्वस्त पडतो, आणि ज्याच्याकडे तारीख चुकल्याचं धड कारणच नाही, इंग्रजी चांगलं आहे, बाकी सगळं स्वच्छ आहे, त्याच्यासाठी तोच सुटसुटीत असू शकतो. पण "सरळ नवा भरा" हे सगळ्यांना सांगणं चूक. २० ऑक्टोबर २०२५ पासून भरलेल्या अर्जांना नवीन सिव्हिक्स परीक्षा आहे, १२८ प्रश्नांतून २० विचारतात, १२ बरोबर लागतात. आधीची १०० तून १० आणि ६ अशी होती. परीक्षा कुठली ते एन-४०० भरल्याच्या तारखेवरून ठरतं. आत्याने वर्षभर जुने शंभर प्रश्न वहीत मराठीत लिहून पाठ केलेत, तिला नव्याने १२८ करायला लावायचे का ७० डॉलर वाचवण्यासाठी? शिवाय नव्या अर्जात वास्तव्य परत आजपासून मागे मोजणार, मधे कोणी सहा महिन्यांपेक्षा जास्त बाहेर राहून आलं असेल तर तिथे प्रश्न निघणार. ज्याने त्याने आपलं गणित मांडावं.

पत्त्याचं तेवढं पक्कं करा. पोस्टातला बदल यूएससीआयएसला कळत नाही. घर बदलल्यापासून दहा दिवसांत एआर-११ हा पत्ताबदलाचा फॉर्म भरायचा, ऑनलाइन पाच मिनिटांचं काम आहे. आमच्या घरात ही पाच मिनिटं कोणी दिली नाहीत.

आत्याचा एन-३३६ मुदतीच्या सहा दिवस आधी ऑनलाइन गेला, सोबत खरे कागद आणि तिने मराठीत सांगितलेलं, मी इंग्रजीत उतरवलेलं दीड पानाचं निवेदन, आणि भाषांतर बरोबर असल्याची माझी सही. अकाउंट आतेभावाच्या फोनवर आहे, नोटीस आली की दोघांनाही दिसेल. कार्ड पाकिटातून निघून तिच्या पर्समध्ये गेलंय. रोज संध्याकाळी फोनवर मी पाच प्रश्न विचारते, आणि सिनेटरचा आला की ती माझा प्रश्न संपायच्या आधीच "सहा" म्हणते.