कर्नाळा : खाली रेंगाळा, वर पसरू नका

पनवेलजवळच्या कर्नाळा किल्ल्यावर जाणाऱ्या बहुतेक ग्रुप्सचं गणित उलटं असतं. गेटपासून किल्ल्यापर्यंतचं जंगल धापा टाकत, मोठमोठ्याने गप्पा मारत उरकायचं आणि वर सुळक्याच्या पायथ्याशी डबे उघडून तास-दीड तास पथारी पसरायची. माझ्या मते वेळ घालवायचा तो खालच्या जंगलात. सुळक्याखाली फार तर पंधरा-वीस मिनिटं, तीही आवाज न करता.

हा किल्ला पक्षी अभयारण्याच्या पोटात उभा आहे, हे आधी लक्षात घ्या. १९६८ साली अभयारण्य झालं तेव्हा क्षेत्र जेमतेम ४.४८ चौरस किलोमीटर होतं. पुढे ते वाढवून १२.११ झालं. तरीही जागा लहानच, आणि मधून मुंबई-गोवा महामार्ग. रस्त्याच्या आवाजातून इथल्या पक्ष्यांची सुटका नाही. निदान पायवाटेवर तरी त्यांना शांतता मिळावी.

गेटवर तिकीट काढताना प्लास्टिकच्या वस्तूंची नोंद करून डिपॉझिट घेतात, परत येताना त्या दाखवल्या की पैसे मिळतात. त्यापेक्षा स्टीलची बाटली न्या. पाणी माणशी दोन लिटर, मार्च ते मे अडीच-तीन. वर सुळक्याच्या पायथ्याशी कातळात खोदलेली टाकी आहेत, पण त्यांच्या भरवशावर निघू नका. कोकणातल्या दमट हवेत घाम वाळत नाही, त्यामुळे उंचीच्या मानाने माणूस लवकर थकतो. नुसतं पाणी ढोसण्यापेक्षा ओआरएसचं पाकीट किंवा लिंबू-मीठ-साखर सोबत असू द्या. खाऊ घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. वेफर्सच्या पुड्याचा कुरकुर आवाज माकडं लांबून ओळखतात, आणि एकदा माणसाच्या हातून खायला शिकलेलं माकड पुढच्या प्रत्येक ग्रुपच्या बॅगा ओढतं.

चढाचे साधारण तीन भाग पडतात. पहिला जंगलातला, उभा आणि सावलीचा. मग डोंगराची सोंड, जिथे चढ मंदावतो पण ऊन लागतं. शेवटी कर्णाई देवीच्या मंदिरावरून पायऱ्यांनी किल्ल्याच्या दरवाजाकडे. किल्ल्याची उंची साडेचारशे मीटरच्या आसपास, बेताच्या चालीने वर पोहोचायला दीड तास. मी म्हणेन अडीच धरा, आणि तो जादाचा तास पहिल्याच टप्प्यात खर्च करा. गेट उघडताच आत शिरलात तर उत्तम. नऊनंतर पक्ष्यांची हालचाल मंदावते.

पावसाळा सरल्यावर या जंगलात वेगवेगळ्या जातींचे पक्षी टोळी करून खाद्य शोधत फिरतात. बराच वेळ झाडीत काहीच नसतं आणि अचानक डोक्यावरच्या फांद्या जाग्या होतात. अशा टोळीत बऱ्याचदा भृंगराज असतो. शेपटीच्या दोन लांब काड्या आणि टोकाला पिसांचे झुबके असलेला हा काळा पक्षी इतरांच्या आवाजांची हुबेहूब नक्कल करतो. एकाच झाडातून शिक्रा, हळद्या आणि आणखी कोणी ओळीने बोलायला लागले तर तो आहे असं समजा. तिथेच उभे राहा, दहा मिनिटं. बोट दाखवू नका, झाडाकडे सरकू नका. टोळी स्वतःच पुढे सरकते आणि तुमच्या आजूबाजूने जाते. भराभर चालणाऱ्याला यातलं काही दिसत नाही, आणि मग तोच खाली येऊन सांगतो की कर्नाळ्यात पक्षीच नाहीत.

जूनमध्ये तिबोटी खंड्या येतो. चिमणीएवढा, निळा-जांभळा-नारिंगी. ओढ्याकाठच्या मातीच्या भिंतीत बीळ करून पिल्लं वाढवतो. चोचीत सरड्याचं पिल्लू किंवा लहानसा खेकडा धरून तो बिळासमोरच्या बुटक्या फांदीवर बसतो, मान खाली-वर करत अंदाज घेतो. समोर माणसं उभी असली तर आत जात नाही. घास चोचीत तसाच, आणि पिल्लं आत उपाशी. पाच-सहा जण ट्रायपॉड लावून तासन् तास बसले की हेच होतं. घरट्याचा फोटो काढूच नये, या मताचा मी आहे. मोबाइलवर आवाज वाजवून पक्षी बोलावणं त्याहून वाईट, कारण तो हद्दीत दुसरा नर शिरला असं समजून खाणंपिणं सोडून धावत येतो.

आता वरचा भाग. शंभर फुटांहून उंच तो बेसॉल्टचा सुळका आग्या मोहोळांचं घर आहे. कड्याच्या पोटाखाली, पावसा-वाऱ्यापासून आडोसा मिळेल अशा जागी काळपट पोळी लटकलेली असतात. वर पोहोचताच आधी मान वर करून ती शोधा, मग कुठे उभं राहायचं ते ठरवा. धूर, अत्तर-डिओ, आरडाओरडा, ड्रोन, दगड, या सगळ्याने माश्या बिथरतात. कधी तुमचा काहीच दोष नसतो. मधुबाज हा शिकारी पक्षी पोळ्यावर झडप घालतो आणि उठलेल्या माश्या खाली दिसेल त्याच्यावर तुटून पडतात. सुळक्याखाली डबे पसरू नका म्हणतो ते म्हणूनच.

आग्या माशी डंख मारते तेव्हा काटा कातडीतच राहतो आणि त्यातून सुटणाऱ्या वासाने बाकीच्या माश्या तिथेच येतात. हात झटकले की आणखी डंख. तोंड-मान शर्टाने झाका आणि पायऱ्यांवर तोल सांभाळत, न थांबता दाट झाडीकडे उतरा. आग्या माश्या बराच लांबपर्यंत पाठलाग करतात, तेव्हा पन्नास पावलांवर थांबून मागे बघू नका. टाक्यात उडी तर मुळीच नको. वर येताच त्या वाट बघत असतात. सुरक्षित जागी आलात की काटे लगेच काढा. नखाने खरवडा किंवा ओढा, पद्धतीपेक्षा वेळ महत्त्वाची, कारण विषाची पिशवी काट्याबरोबर राहून विष सोडतच असते. ओठ किंवा जीभ सुजणं, श्वास लागणं, चक्कर, अंगभर गांधी, यातलं काहीही दिसलं तर वाट न बघता १०८ ला फोन करा आणि गेटवर कळवा. ॲलर्जी माहीत असलेल्याने डॉक्टरांनी दिलेलं औषध खिशातच ठेवावं, बॅगेच्या तळाशी नाही.

सुळक्यावर चढणं हे दोर-साहित्य आणि अनुभव असलेल्यांचं काम. बाकीच्यांना तटावरून समोर प्रबळगड, माथेरान, माणिकगड दिसतात, ते भरपूर आहे. १६६५ च्या पुरंदरच्या तहात मुघलांना द्याव्या लागलेल्या २३ किल्ल्यांत कर्नाळाही होता. वासुदेव बळवंत फडक्यांचे आजोबा इथले किल्लेदार आणि फडक्यांचं शिरढोण इथून जवळच. इतिहास सांगायचा तर मंदिरापाशी सांगा, सुळक्याखाली भाषण नको.

घसरून पडण्याचे प्रकार उतरताना जास्त. पावसाळ्यात शेवाळलेले दगड, उन्हाळ्यात वाळलेल्या पानांखालचा मुरूम. भीतीने माणूस मागे रेलतो, वजन टाचेवर जातं आणि पाय निसटतो. गुडघे किंचित वाकवा, पावलं छोटी, तीव्र उतारावर पाय आडवे.

ट्रेक नेणाऱ्यांना एक विनंती. पन्नास जणांची बॅच एकत्र चढवू नका. दहा-बाराचे गट करा, दोन गटांत वीस मिनिटांचं अंतर ठेवा आणि प्रत्येक गटाच्या शेवटी वाट माहीत असलेला एक माणूस ठेवा. ब्लूटूथ स्पीकर गाडीतच ठेवायला सांगा. वन्यजीव संरक्षण कायद्यात अभयारण्यात प्राण्यांना त्रास देणं आणि कचरा टाकणं दोन्ही मना आहे. हे बुकिंग घेतानाच्या मेसेजमध्येच लिहा, म्हणजे गेटवर वनरक्षकांशी हुज्जत घालायची वेळ येणार नाही.