‘स्वस्त उपचार म्हणजे जिवाशी खेळ’? त्या मेसेजला उत्तर

तालमीच्या, भिशीच्या, भावकीच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. सार असं: जेनेरिक गोळीत (मूळ औषधाचं पेटंट संपल्यावर इतर कंपन्या बनवतात ती) औषध ८० टक्केच असतं, सरकारनं किंमत बांधल्यापासून चांगले स्टेंट (हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवायच्या जाळ्या) मिळत नाहीत, थोरला दवाखाना (कोल्हापूरचं सीपीआर हे सरकारी रुग्णालय) नाइलाज असेल तरच, आणि जास्त तपासण्या लिहून देईल तोच काळजीवाहू डॉक्टर. उसाचं बिल येईपर्यंत ऑपरेशन पुढं ढकलणारी घरं कोल्हापूर जिल्ह्यात कमी नाहीत. असली भीती त्यांनाच महागात पडते, म्हणून हे लिहितोय.

८० चा आकडा हवेतला नाही, पण त्याचा अर्थ पार चुकीचा लावलाय. मूळ औषध आणि जेनेरिक घेतल्यावर रक्तात किती औषध पोचतं याची तुलना होते. त्या गुणोत्तराचा अंदाज, त्यातली अनिश्चितता धरून, ८० ते १२५ टक्क्यांच्या पट्ट्यात बसावा लागतो. गोळीत औषध किती हवं ते फार्माकोपिया, म्हणजे औषधांच्या दर्जाचं अधिकृत पुस्तक, वेगळं ठरवतं, आणि तिथं बहुतेक गोळ्यांना पाच-दहा टक्क्यांच्या वर सूट नसते. शिवाय आपण ‘ब्रँडेड’ म्हणून घेतो त्यातल्या बहुतांश गोळ्याही पेटंट संपलेल्या औषधांच्याच आहेत, वर कंपनीचं नाव तेवढं. एक मान्य करायला हवं. रक्तातल्या पातळीची ही चाचणी आपल्याकडं सरसकट नव्हती. २०१७ साली नियम बदलून ठरावीक गटांतल्या औषधांना ती सक्तीची केली. निकृष्ट औषधंही सापडतात, पण केंद्रीय औषध नियंत्रण संस्थेच्या दर महिन्याच्या यादीत नामांकित ब्रँडही येतात. फिटच्या किंवा थायरॉईडच्या गोळीची कंपनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलू नये.

आता स्टेंट. फेब्रुवारी २०१७ मध्ये औषधाचा लेप असलेल्या स्टेंटला साधारण २९,६०० रुपयांची मर्यादा आली. त्याआधी त्यासाठी लाखाच्या वर मोजावे लागत. काही परदेशी कंपन्यांनी आपले महागडे स्टेंट मागं घ्यायची परवानगी मागितली, हे खरं आहे. पण तेवढ्यावरून अँजिओप्लास्टीचा दर्जा घसरला म्हणणं ही उडी झाली. खरी पळवाट वेगळीच आहे: एका वस्तूची किंमत बांधली तरी बिलात बाकीच्या शंभर ओळी मोकळ्याच राहतात. राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणानं २०१८ साली दिल्ली परिसरातल्या चार खासगी रुग्णालयांची बिलं तपासली, तेव्हा काही औषधांवर आणि साहित्यावर १,७०० टक्क्यांहून जास्त नफा निघाला. या पैशात पेशंटला जादा काय मिळालं, हे मेसेज लिहिणाऱ्यानंच सांगावं.

थोरल्या दवाखान्यात, म्हणजे सीपीआरमध्ये, गर्दी असते, ताटकळावं लागतं. यात वाद नाही. पण राज्य सरकारच्या महात्मा फुले जन आरोग्य योजनेत यादीतल्या खासगी रुग्णालयातही शस्त्रक्रिया होते. सर्जन तोच, थिएटर तेच, फक्त पैसे भरणारा वेगळा. पेशंटला फुकट पडलं म्हणून टाके कच्चे घालतात की काय? पॅकेजचे दर परवडत नाहीत ही रुग्णालयांची तक्रार असते, आणि ती ऐकलीही पाहिजे. पण तो मुद्दा निराळा.

राहिलं ‘जास्त करतो तो चांगला’. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) देशभरात खासगी दवाखान्यांतली ४७.४ टक्के बाळंतपणं सिझेरियननं झाली, सरकारी दवाखान्यांत १४.३ टक्के. अवघड केसेस सरकारीतही पाठवल्या जातात, तेव्हा एवढी तफावत निव्वळ आईच्या तब्येतीमुळं पडली म्हणणं कठीण आहे. उलट दर्जा वाढवायला कधीकधी एक कागद पुरतो. जागतिक आरोग्य संघटनेची ऑपरेशनआधीची तपासयादी आठ शहरांत वापरून पाहिली, त्यात दिल्लीही होती. २००९ साली निकाल छापून आले: मृत्यूचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ वर आलं होतं.

तेव्हा पुढच्या वेळी दवाखान्यात गेलात की भिंतीवर दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद लावलीय का ते बघा. राज्याच्या २०२१ च्या नियमांनी खासगी रुग्णालयांना दोन्ही सक्तीचं केलंय. डिस्चार्जच्या वेळी तपशीलवार बिलही मागून घ्या.