जोडलेल्या बॅटिंगची गोधडी टिकत नाही म्हणे!

सध्या एक मेसेज फिरतोय, शिवणकाम करणाऱ्या बहुतेक जणींना आला असेल. बॅटिंगचे, म्हणजे गोधडीच्या दोन कापडांमध्ये घालायच्या मऊ थराचे, उरलेले तुकडे जोडून नव्या गोधडीत घालू नका, धुतल्यावर जोड सुटून आत गोळे होतात, जोडाची रेघ वरून दिसते, वेगवेगळे प्रकार एकत्र चालत नाहीत, आणि एवढ्या खटाटोपापेक्षा नवीन आणलेलं परवडतं. चारातला एक मुद्दा खरा आहे, बाकी उगाच घाबरवणं.

गोळ्यांचं आधी. गोळे होतात ते नुसत्या पिंजलेल्या कापसाचे, जुन्या रजईत व्हायचे तसे. बाजारातलं सुती बॅटिंग बहुतेक सुयांनी टोचून टोचून गुंतवलेलं असतं, ते असं सहज सरकत नाही, आणि दोन टिपांमध्ये जास्तीत जास्त किती अंतर ते पाकिटावर लिहिलेलं असतं, त्याच्या आत टिपा मारल्या की जोड जाणार कुठे? आपल्या आज्यांच्या गोधडीत तरी आत काय होतं, जुनी लुगडी, धोतरं, फाटके परकर, सगळे तुकडेच की, नुसत्या धावदोऱ्यावर वर्षानुवर्षं टिकलेले.

रेघ दिसते, पण कडेवर कड चढवून शिवलं तर. मीही पहिल्यांदा तेच केलं, भाच्याच्या गोधडीत मधोमध दोरी घातल्यासारखा उंचवटा, तो बिचारा अजून त्याच्यावरून बोट फिरवत झोपतो. आता मी दोन्ही तुकडे दोनेक इंच एकमेकांवर ठेवते आणि रोटरी कटरने, म्हणजे फिरत्या गोल पात्याच्या कटरने, दोन्ही थर एकदमच कापते, सरळ नाही, हलकीशी नागमोडी रेघ. दोन्हीकडची सुटी कात्रणं काढली की कडा एकमेकींत अशा बसतात की शोधाव्या लागतात. मग कडेला कड भिडवून मशीनचा सगळ्यात रुंद झिगझॅग, आणि मशीन ओढेल तेवढंच जाऊ द्यायचं, हाताने ताणलं की जोड पापडासारखा वाकडातिकडा झालाच म्हणून समजा. मशीन नसेल तर हाताने तिरके सैल टाके घाला, चालतं.

प्रकार मिसळू नका हे मात्र शंभर टक्के बरोबर. सुती बॅटिंग धुतल्यावर साधारण ३ ते ५ टक्के आटतं, पॉलिएस्टर जवळपास नाहीच, मग एक बाजू चुरगळलेली आणि दुसरी ताठ. जाडीही सारखीच हवी. म्हणून पिशव्या वेगळ्या ठेवा आणि वर मार्करने लिहा, सहा महिन्यांनी आठवत नाही.

आणि परवडण्याचं म्हणाल तर, ९० इंची पन्ह्यातून ७२ इंच काढलं की १८ इंचाची पट्टी उरते. अशा ६० इंच लांबीच्या तीन पट्ट्या म्हणजे ५४ इंच, जोडांत चारेक इंच गेले तरी साधारण ५० बाय ६०, लहान मुलाची अख्खी गोधडी, आणि जोड किती तर दोन, म्हणजे दहा फूट झिगझॅग, कुकरच्या शिट्ट्या मोजत होऊन जातो.

अगदीच बोटभर उरलेलं जोडत बसू नका. त्यातलं सुती असेल ते गरम भांडी धरायच्या पॅडमध्ये घाला, पॉलिएस्टर तिथे अजिबात नको, तापलेल्या कढईने वितळतं.