हरला आणि जिंकलो : ‘एक जुना खेळाडू’ यांना उत्तर

नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली. आधी राग आला, खोटं कशाला बोलू. काल सकाळी परत वाचली तेव्हा त्यातल्या एका मुद्द्यावर तुमचं सरळसरळ बरोबर आहे असं लक्षात आलं, आणि मग बाकीच्यांना उत्तर द्यायची हिंमत आली. लांबलंय, सांभाळून घ्या.

नव्यानं येणाऱ्यांसाठी थोडक्यात. गेल्या आठवड्यात मी प्रेस मॅराविच आणि त्याचा मुलगा पीट या अमेरिकन बापलेकांवर लिहिलं होतं. बाप बास्केटबॉल प्रशिक्षक, मुलगा त्या देशानं पाहिलेला एक अफाट खेळाडू. त्यावर ‘एक जुना खेळाडू’ यांचं म्हणणं असं : मी बापाला खलनायक केलं, मुलाच्या मरणाचं खापरही आडून बापावर फोडलं, पीटची सामन्यामागे 44.2 गुणांची सरासरी लाडानं येत नाही. यांच्या वडिलांनी यांना पट्ट्यानं फोडून काढलं म्हणून हे राज्याच्या संघात गेले. आणि शेवटी, ‘तुम्ही स्वतः कधी रिंगला हात लावलाय का?’

शेवटचं आधी. रिंगला हात कधीच लागला नाही. उंची पाच फूट सात इंच. बोर्डाच्या खालच्या कडेपर्यंतही पोचत नव्हतो. पण दहा वर्षं खेळलो, त्याबद्दल खाली येतो.

आता जिथं माझं चुकलं ते. पीट 5 जानेवारी 1988 ला कॅलिफोर्नियात, पॅसाडेनाच्या एका चर्चच्या जिममध्ये मित्रमंडळींबरोबर खेळता खेळता कोसळला आणि गेला. वय 40. शवविच्छेदनात कळलं की त्याच्या हृदयाला डावी रक्तवाहिनी जन्मापासूनच नव्हती. एका वाहिनीवर हा माणूस कॉलेज खेळला, दहा वर्षं व्यावसायिक खेळला. यात बापाचा काडीचा दोष नाही. मी लेखात सरावाचे तास आणि हे मरण एकाच परिच्छेदात, एकापाठोपाठ ठेवलं. स्पष्ट काही म्हटलं नव्हतं, पण वाचणाऱ्याच्या मनात जे जायचं ते गेलंच. ही लबाडी होती, नकळत झालेली का असेना. तो परिच्छेद मी काल तोडला.

खलनायकाचं मात्र मला पटत नाही. मी लिहिलं ते बहुतेक पीटनंच हौसेनं सांगितलेलं आहे. चेंडू उशाशी घेऊन झोपायचं. सिनेमाला गेलं तर कडेची खुर्ची धरायची, म्हणजे मधल्या वाटेवर चेंडू आपटता येतो. बाप गाडी चालवतोय, मुलगा उघड्या दारातून बाहेर लोंबकळत ड्रिबल करतोय, आणि बाप वेग कमीजास्त करतोय. पीट या गोष्टी तक्रार म्हणून सांगत नसे. गाडीची गोष्ट वाचताना मी मात्र पुस्तक मिटून बाहेर गच्चीत जाऊन उभा राहिलो होतो. का ते सांगतो.

आमच्याकडे गाडी नव्हती, लुना होती. अण्णा, म्हणजे माझे वडील, लुनावर, मी शेजारून चेंडू आपटत पळतोय. सांगली, साल 1985 च्या आसपास, पहाटे साडेपाच. घरापासून शाळेच्या मागच्या सिमेंटच्या कोर्टापर्यंत दीड किलोमीटर. चेंडू रबराचा, वरचे दाणे झिजून इतका गुळगुळीत झालेला की थंडीत हातातून साबणासारखा निसटायचा. निसटला की गटारात. गटारातून काढायचा, विजारीला पुसायचा, आणि लुना तोवर पुढे गेलेली असायची. अण्णा थांबत नसत. मागं वळून बघत मात्र असत, हे मला फार उशिरा एका शेजाऱ्याकडून कळलं. मी खाली वाकलेला असल्यामुळे मला ते कधी दिसलं नव्हतं.

अण्णांना नोकरी खेळामुळे लागली होती. त्यांच्या घरात महिन्याच्या महिन्याला पगार आणणारे ते पहिले. तेव्हा खेळानं पोट भरतं हा त्यांचा अनुभव होता, स्वप्नबिप्न नव्हे. प्रेसचंही तेच. पेनसिल्व्हेनियातलं अलिक्विपा, पोलादाच्या कारखान्यावर जगणारं गाव, आईबाप सर्ब वंशाचे, बाहेरून आलेले. त्या गावातल्या पोराच्या पुढ्यात भट्टी ठरलेली असायची. प्रेस चेंडूच्या जोरावर कॉलेजात गेला, युद्धात वैमानिक झाला, परत येऊन थोडा व्यावसायिक खेळला, मग प्रशिक्षक. अशा माणसानं मुलाच्या हातात चेंडू दिला तर तो त्याच्या हातात भाकरी देत असतो. हे मी लेखात लिहायला हवं होतं. तुम्ही चिडलात ते बहुधा इथंच.

आता 44.2. आकडा खरा आहे. 1967 ते 1970, लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटी, 83 सामने, 3,667 गुण. तेव्हा पहिल्या वर्षाच्या मुलांना मुख्य संघातून खेळता येत नसे, म्हणून तीनच मोसम. लांबून टाकलेल्या चेंडूला दोनऐवजी तीन गुण देणारी रेषाही नव्हती. तिच्या बाहेरून त्यानं किती टाकले असतील कोण जाणे. अमेरिकेच्या व्यावसायिक लीगमध्ये ती रेषा आली त्या मोसमात, जो त्याचा शेवटचा होता, त्यानं 15 पैकी 10 टाकले. कॉलेजचा एकूण गुणांचा तो आकडा 2024 मध्ये केटलिन क्लार्क या कॉलेज खेळणाऱ्या मुलीनं मागं टाकला, चार मोसमांत. तेव्हा पीटच्या कौशल्याबद्दल तुमच्यामाझ्यात भांडण नाही.

पण त्याच कोष्टकात शेजारचा रकाना बघा. 83 सामन्यांत 3,166 शॉट. म्हणजे सामन्याला अडतीस! तुम्ही राज्याला खेळलायत, तुम्हीच सांगा, कुठला प्रशिक्षक एका पोराला सामन्याला अडतीस शॉट मारू देतो? आपल्या कोचनं पाचव्या आंधळ्या शॉटला बाकावर बसवलं असतं. प्रेसनं मारू दिले. सांगितलेच मारायला. आणि हा काही अडाणी प्रशिक्षक नव्हता. 1965 साली नॉर्थ कॅरोलायना स्टेटला त्यानंच त्यांच्या विभागाची स्पर्धा जिंकून दिली होती. सांघिक खेळ म्हणजे काय हे त्याला चांगलं ठाऊक होतं. लुइझियानात पीटच्या तीन वर्षांत संघ 49 जिंकला, 35 हरला. राष्ट्रीय स्पर्धेच्या मुख्य फेरीत एकदाही नाही. बापाची तिथली एकूण सहा वर्षं 76 विजय, 86 पराभव, आणि 1972 मध्ये नारळ.

मुलगा आणि संघ यांतून त्यानं मुलगा निवडला. तुम्ही याला त्याग म्हणाल, मीही थोडाफार म्हणेन. पण मुळात लुइझियानाची ती नोकरी त्याला मिळाली त्यात पीटही हिशेबात धरलेला होता. पीटला जायचं होतं वेस्ट व्हर्जिनियाला. बापानं बजावलं की इथं सही केली नाहीस तर या घराची पायरी चढू नकोस. अठरा-एकोणीस वर्षांचं पोर. त्यानं सही केली.

माझा मुद्दा एवढाच होता, आणि लेखात तो पसाऱ्यात हरवला. कोर्टवर माणूस हरतोच. रोज कुणीतरी हरतं. हरल्यावर घरी जाता येतं, तिथं जेवायला वाढणाऱ्यांना स्कोअरशी देणंघेणं नसतं, म्हणून दुसऱ्या दिवशी परत खेळता येतं. कोच आणि बाप एकच असला की पोराला हरून जायला जागा उरत नाही. बाकावर बसलेला माणूसच घरी पाटावर बसलेला असतो.

आमच्या घरी हे कसं चालायचं ते सांगतो. सामन्याहून आम्ही दोघं परत आलो की आई दारातूनच विचारायची, ‘काय झालं हो?’ जिंकलेला असलो तर अण्णा चपला काढता काढता म्हणायचे, ‘जिंकलो.’ हरलेला असलो तर म्हणायचे, ‘हरला.’

बस, एवढंच. पट्टा नाही, शिवी नाही. अण्णांनी मला आयुष्यात एक चापट मारलेली नाही. पण ‘जिंकलो’ आणि ‘हरला’ यांच्यामधल्या त्या फटीत मी दहा वर्षं राहिलो. तुमच्या पट्ट्याशी याची तुलना करत नाही. पट्ट्याचा वळ निदान दाखवता येतो, असं मात्र त्या वयात मला वाटायचं.

एकदा जिल्ह्याची फायनल हरलो. शेवटच्या मिनिटात दोन फ्री थ्रो माझ्याकडे, दोन्ही चुकवले, एका गुणानं गेलो. परत येताना अण्णांनी रसवंतीशी लुना थांबवली. दोन ग्लास सांगितले. मला वाटलं, आता काही बोलतील. त्यांनी टेबलावर पाण्याचा ठिपका ठेवला, म्हणजे मी. त्यापुढे दुसरा, म्हणजे रिंग. आणि माझं कोपर कसं बाहेर पडत होतं ते बोटानं ओढून दाखवलं. रेष वाळली की परत ओढायचे. माझ्या ग्लासातला बर्फ विरघळून गेला. कोपराबद्दल ते शंभर टक्के बरोबर होते, हे इथं नोंदवतो.

सतराव्या वर्षी मी खेळ सोडला. सोडला म्हणजे एका पहाटे उठलो नाही. अण्णा दोनदा हाक मारून एकटेच गेले. आणि हे ऐका : ते जातच राहिले. पुढची कितीतरी वर्षं. खराट्यानं कोर्टवरचं पाणी काढायचं, पाला झाडायचा, गल्लीतली चारदोन पोरं येतील त्यांना शिकवायचं. त्यांतला एक मला बसस्टँडवर भेटला. म्हणाला, ‘तुझे अण्णा कसले हसवतात रे! शॉट चुकला की असं काही बोलतात की आम्ही लोळतो.’ मी ‘हो ना’ म्हणालो. मला माहीतच नव्हता हा माणूस.

ती पोरं साडेसातला आपापल्या घरी जात होती ना. फरक तेवढाच. म्हणून मी अण्णांना वाईट कोच म्हणत नाही, प्रेसलाही नाही.

प्रेस-पीटचा शेवट मी लेखात घाईनं उरकला, त्याबद्दल एका ताईंनीही हटकलं. तर : पीट 1980 मध्ये निवृत्त झाला, गुडघा गेलेला. काही वर्षं माणसांतून उठल्यासारखा राहिला, मग धर्माकडे वळला. बापाला कर्करोग झाला तेव्हा त्यानं सगळं बाजूला ठेवून त्याची सेवा केली, उपचारांसाठी पार जर्मनीपर्यंत घेऊन गेला. एप्रिल 1987 मध्ये प्रेस गेला. पुढच्याच महिन्यात पीटला बास्केटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये घेतलं. बाप गेल्यावर नऊ महिन्यांनी मुलगाही गेला. आणि त्याच वर्षी पीटनं लहान मुलांसाठी सरावाच्या चित्रफिती केल्या, त्यांत शिकवलं काय? बापानं शिकवलेलंच. कमरेभोवती, पायांतून, बोटांच्या टोकावर. यावरून तुम्ही म्हणाल, बघा, शेवटी त्याला पटलंच. मी म्हणेन, आजारपणात एकानं प्रशिक्षक असणं थांबवलं आणि दुसऱ्यानं खेळाडू असणं, म्हणून ते जमलं. यातलं काहीच सिद्ध करता येणार नाही.

आणखी एक गोष्ट, जी ना मी लिहिली ना तुम्ही विचारली. पीटची आई, हेलन. 1974 साली तिनं स्वतःचं आयुष्य संपवलं. बापलेकाच्या या सबंध पुराणात ती कुठं बसायची, काय म्हणायची, याला एक ओळ मिळत नाही. माझ्या लेखातही नव्हती. माझी आई दारात उभी राहून ‘काय झालं हो’ विचारायची, तेव्हा ती नक्की काय विचारत होती हेही मी तिला कधी विचारलं नाही.

अण्णा आहेत. एक्याऐंशी पूर्ण. ब्लॉगबिग वाचत नाहीत. रविवारी फोन होतो, कृष्णेला पाणी किती चढलंय यावर बोलतो, उन्हाळ्यात पाणी नसलं की आंब्याच्या भावावर. दोन वर्षांपूर्वी माझा मुलगा टेबल टेनिसची कुठलीशी मॅच हरला, ते मी त्यांना सांगितलं. पलीकडून बराच वेळ काही आलं नाही. मग म्हणाले, ‘जेवला का तो?’

तुमच्याबद्दल एक राहिलं. वडिलांनी मारलं, आणि मग निवड झाली, एवढं तुम्ही लिहिलंत. यादीत नाव लागलं त्या दिवशी तुम्ही घरी गेलात तेव्हा काय बोलणं झालं ते तुम्ही लिहिलं नाहीत. लिहावंसं वाटलं तर खाली लिहा, नाहीतर राहू द्या. आणि कुठल्या जागेवर खेळायचात तेही सांगा. मी पॉइंट गार्ड.