सोडला म्हणजे वाचला असं नसतं

मासे पकडून परत सोडण्याबद्दलच्या लेखात लिहिलंय की गळाला लागलेला मासा लगेच परत सोडला की तो वाचतोच, हे उथळ पाण्यातल्या बास माशाबद्दल बऱ्याच अंशी ठीक आहे पण खोलातल्या पर्च माशाबद्दल अजिबात नाही. पर्च काय, बास काय, दोघांच्याही पोटातली हवेची पिशवी बंद असते, ट्राउट माशासारखी तोंडावाटे हवा सोडता येत नाही त्यांना. १० मीटर खाली दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो, म्हणजे तिथून झटकन वर ओढला की आतली हवा फुगून जवळपास दुप्पट होणार, मग जठर तोंडातून बाहेर येतं, डोळे फुगतात. मी स्वतः असे पर्च सोडलेत आणि ते पोट वर करून तरंगत राहिलेले बघितलेत, खाली जायला धडपडतात पण जमतच नाही, फार वाईट वाटतं ते बघून.

तेव्हापासून पर्च खोलात असले की खाण्यापुरते पकडतो आणि गळ गुंडाळतो, सोडायचेच असतील तर उथळ पाण्यात जातो. आणि हो, ओल्या हाताने धरा हे लेखात हवंच होतं, कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि मग बुरशी धरते.