परदेशी खाणकामगार भरती चुकवून बसले म्हणे!

अमेरिकेतल्या स्थलांतरितांवरून वाद पेटला की एक मजकूर हमखास फिरायला लागतो. सारांश असा: पहिल्या महायुद्धात परदेशी खाणकामगारांना सक्तीच्या भरतीतून सूट होती. भूमिपुत्र मेले आणि हे चढा पगार खात बसले. जे थोडे गेले ते इंग्रजीअभावी छावणीत भांडी घासत राहिले, आणि गेले तेही नागरिकत्वाच्या लालसेनं. वर ऐन युद्धात संप करून देशाला दगा दिला. खाली 'खरा इतिहास वाचा' असंही बजावलेलं असतं. तर वाचूच.

आधी सूट. १८ मे १९१७ च्या भरती कायद्यात 'खाणकामगार' म्हणून सरसकट सूट नव्हतीच. डिसेंबर १९१७ पासून नोंदलेल्या माणसांचे पाच वर्ग पाडले गेले, पहिल्या वर्गाला बोलावणं आधी, मागच्यांना नंतर. उद्योगाचं ज्याच्यावाचून अडेल अशा कुशल कामगाराला मागचा वर्ग मिळू शके, पण तोही माणसागणिक, अर्ज करून, पुरावे देऊन. बिनलग्नाचा, खनिज उपसून डब्यात भरणारा पोरगा त्यात बसणं कठीणच.

परदेशी माणसाचं गणित वेगळं होतं. शत्रुराष्ट्राच्या प्रजेला घ्यायचं नव्हतं. बाकीच्यांपैकी ज्यानं नागरिक होण्याचा इरादा कागदावर लिहून दिला होता, तो भरतीला पात्र. ज्यानं दिला नव्हता, त्यानं नोंदणी तेवढी करायची. पण ही सवलत आपणहून मिळत नसे, मुदतीत हक्क सांगावा लागे. नोटीस इंग्रजीत, आणि वाचणारा सर्बियातून किंवा इटलीतून आलेला. मुदत टळली की गडी फौजेत. कायद्यानं घ्यायचं नव्हतं अशी माणसं उचलल्याच्या तक्रारी त्या त्या देशांच्या वकिलातींनी वॉशिंग्टनकडे केल्या होत्या. युद्धाच्या वर्षांत अमेरिकी फौजेत स्थलांतरित होते जवळपास पाच लाख, म्हणजे सुमारे १८ टक्के. याला 'थोडे' म्हणायचं असेल तर प्रश्नच मिटला.

'भूमिपुत्र मेले' या ओरडीला मात्र एक खरं मूळ आहे. सुरुवातीला प्रत्येक भागाचा कोटा एकूण लोकसंख्येवर ठरला. त्यात परदेशी मोजले गेले, पण त्यांतल्या अनेकांना घेता येत नव्हतं. मग तो बोजा शेजारच्या नागरिकांवर. अन्याय होता, आणि पुढे १९१८ मध्ये हिशेबाची पद्धत बदलली. पण ही चूक कारकुनी होती. खाणकामगारानं लपूनछपून केलेली नव्हती.

माँटाना राज्यातलं ब्यूट बघा. तांब्याचं गाव, आयरिश, फिनिश, सर्ब, क्रोएशियन, इटालियन, सगळे जमिनीखाली. ५ जून १९१७ ला नोंदणी होती आणि त्या दिवशी तिथे आयरिश नि फिनिश लोकांनी निषेध केला, हे खरंच आहे. डब्लिनचा उठाव इंग्रजांनी चिरडून जेमतेम वर्ष झालेलं. त्याच इंग्रजांच्या बाजूनं लढायला आयरिश माणूस नाचत जाईल ही अपेक्षाच अजब. तीनच दिवसांनी, ८ जूनच्या रात्री, स्पेक्युलेटर खाणीत विजेची केबल खाली सोडताना अडकली. तिचं तेलकट वेष्टण एका मुकादमाच्या कार्बाइडच्या दिव्यानं पेटलं. १६८ माणसं गेली, बहुतेक धुरानं गुदमरून. बोगद्यांत काँक्रीटच्या भिंती होत्या. कायद्यानं त्यांत दारं हवी होती, ती नव्हती. 'सुरक्षित मागे राहणं' म्हणतात ते हे.

आणि माँटानातून गेलेल्यांचं काय झालं? राज्याची लोकसंख्या फुगवून धरल्यामुळे कोटाही फुगला. तिथले बरेच जण ९१ व्या डिव्हिजनच्या ३६२ व्या पलटणीत गेले. २९ सप्टेंबर १९१८ ला फ्रान्समधल्या म्यूज-आर्गॉनच्या लढाईत या पलटणीनं उघड्या माळावरून तोफांच्या आणि मशीनगनच्या माऱ्यात जेन नावाचं गाव घेतलं. बाजूच्या तुकड्या मागेच राहिल्या होत्या, म्हणून घेतलेलं गाव सोडून परत फिरायचा हुकूम आला. पलटणीची फार मोठी हानी झाली होती.

भांडी घासण्याचा मुद्दा अर्धा खरा. हुकूम न कळणाऱ्यांना सुरुवातीला स्वयंपाकघरात आणि खंदक खणायला जुंपलं जाई. दोष कवायत शिकवणाऱ्यांचा होता, आणि तो फौजेनंच ओळखला. १९१८ मध्ये जॉर्जियातल्या कॅम्प गॉर्डनमध्ये भाषेप्रमाणे कंपन्या पाडल्या, पोलिश आणि इटालियन बोलणारे अधिकारी नेमले. तीच माणसं चांगली तयार होऊ लागली, मग तोच प्रयोग इतर छावण्यांत गेला.

नागरिकत्वाचं तर तारखांतच फसतं. सैनिकांना झटपट नागरिकत्व देणारा कायदा ९ मे १९१८ चा. सक्तीनं उचललेले पहिले जवान सप्टेंबर १९१७ पासूनच छावण्यांत होते. शिवाय बक्षीस सगळ्यांना मिळालंही नाही. ओरेगनच्या लाकूड गिरणीत राबलेले भगतसिंग थिंड १९१८ मध्ये त्याच फौजेत होते. १९२३ साली सर्वोच्च न्यायालयानं ते 'गोरे' नाहीत म्हणून त्यांना अपात्र ठरवलं.

राहिला दगा. ॲरिझोनातल्या बिस्बीत तांब्याच्या खाणींत संप झाला. १२ जुलै १९१७ ला शेरीफ हॅरी व्हीलरनं हजारो हत्यारबंद माणसं घेऊन पहाटे घराघरांतून संपकरी आणि त्यांचे पाठीराखे बाहेर काढले, बेसबॉलच्या मैदानात उभे केले. सुमारे बाराशे जणांना गुरांच्या डब्यांत कोंबून शेजारच्या न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात नेऊन सोडलं. डब्यांत शेण तसंच होतं. अध्यक्ष विल्सन यांच्या चौकशी आयोगानं नोंदवलं की हाकललेल्यांपैकी ४७२ जणांची भरतीसाठी नोंदणी झालेली होती. शत्रुराष्ट्रांचे, म्हणजे जर्मन आणि (स्लाव्ह वंशाचे सोडून) ऑस्ट्रिया-हंगेरीचे लोक तुलनेनं थोडेच होते. ८२ सर्ब होते, ज्यांचा देश १९१४ पासून दोस्तांच्या बाजूनं लढत होता. या हकालपट्टीबद्दल कुणालाही शिक्षा झाली नाही. १९२० साली सर्वोच्च न्यायालय म्हणालं, हा केंद्राच्या कायद्याखालचा गुन्हाच नव्हे.