राजीनामा द्या, बिल लावा

नाशिकच्या सातपूरमधल्या एका कंपनीने आपल्या डिझाइनवाल्यांना नोटीस काढली होती, तो विषय बापूनेच काढला. आयटीआय सिग्नलजवळच्या टपरीवर चहा यायच्या आतच सुरू. "म्हणे राजीनामे द्या, तेच काम बाहेरचे म्हणून करा आणि महिन्याला बिल लावा! झाली ना पोरं उघड्यावर?"

"किती गिऱ्हाइकं आहेत त्यांची?" स्वतंत्रपणे ड्रॉइंगची कामं घेणाऱ्या संज्याने विचारलं.

"गिऱ्हाइकं कसली? कंपनी आहे ना."

"मग ती फसवणूकच. हजेरी त्यांची, वेळ त्यांची, वर पीएफही गेला. त्याला कोण स्वतंत्र म्हणेल? माझी गिऱ्हाइकं म्हणजे अंबडची तीन वर्कशॉप, सिन्नरचं एक. एकाने काम थांबवलं तरी चूल पेटते. तुझा साहेब मात्र एकच."

"पीएफ! ग्रॅच्युइटी! मेडिक्लेम!" बापू हे आरतीसारखं म्हणतो, हातसुद्धा तसेच हलतात.

"मी ते रेटमध्येच धरतो. फिक्स्चरच्या, म्हणजे मशीनवर जॉब धरून ठेवायच्या साधनाच्या, ड्रॉइंगचा आकडा सांगताना वीज, सॉफ्टवेअरचं लायसन्स, विमा, दिवाळीचे रिकामे दिवस, सगळं आलं. इंजिनिअरला ५० लाखांपर्यंतच्या जमेत निम्मा नफा दाखवून कर भरता येतो, वह्यांची कटकट नाही. २० लाखांच्या आत जीएसटीही नाही."

"आणि पैसे? ते बुडतात त्याचं काय?" मन्याने दुखऱ्या जागी बोट ठेवलं.

"लटकतात. म्हणून उद्यम नोंदणी केली, सरकारदरबारी छोटा उद्योग म्हणून. अशा उद्योगांसाठी २००६चा कायदा आहे, करार असला तरी पैसे ४५ दिवसांच्या पुढे नेता येत नाहीत. आता तर मुदत उलटली आणि मार्चअखेरही पैसे दिले नाहीत, की आयकरात कंपनीचा तो खर्च त्या वर्षी धरतच नाहीत. मार्चमध्ये अकाउंट्सवाले स्वतः फोन करतात."

"गृहकर्जाला बँकेने किती फिरवलं तुला, ते सांग!" बापू पेटला. तेवढं खरं होतं, संज्याही गप्प बसला.

तरी मला संज्याचंच पटतं. सातपूर-अंबडमध्ये हातात कसब असलेली इतकी पोरं आहेत, त्यांनी स्वतःचा भाव सांगायला शिकलंच पाहिजे. फक्त एकाच दारात उभं राहून नव्हे.

"हरिहर गडावर येतो म्हणून ऐनवेळी कोण गळपटलं? रजा मंजूर नाही म्हणे!" संज्याने जुनं उकरलं. बापू लाल झाला आणि एकदम मवाळही. "ते जाऊ दे रे. मेव्हण्याच्या प्रेस मशीनचं एक ड्रॉइंग करून दे ना. घरचंच काम आहे."

"देतो. निम्मा ॲडव्हान्स."

"मग आजचा चहा तुझा!"

"बिल लाव," संज्या म्हणाला, "४५ दिवसांत देतो."

टपरीवाला सगळ्यात मोठ्याने हसला, आणि पैसे मात्र लगेच मागितले.